बुसेरियासला ताईकडे: मेक्सिकोच्या किनाऱ्यावरची सुट्टी, व्हिसापासून परतीपर्यंत

मेक्सिकोत नातेवाईक असलेली मराठी घरं पूर्वी शोधावी लागत. आता ग्वादालाहारा, केरेतारो, माँतेरे या शहरांत भारतीय आयटी कंपन्यांची कार्यालयं आहेत, आणि कामासाठी गेलेल्यांपैकी काही जण तिथेच रमतात. माझी मावसबहीण आणि भावोजी त्यांतलेच. भावोजींचं काम घरून सुरू झाल्यावर त्यांनी ग्वादालाहारा सोडलं आणि पॅसिफिकच्या काठावर बुसेरियासला घर भाड्याने घेतलं. पुएर्तो वायार्ताच्या विमानतळापासून उत्तरेला साधारण अर्ध्या तासावरचं हे गाव. जानेवारी २०२५ च्या अखेरीस आम्ही नवरा-बायको आणि ताईची आई, म्हणजे माझी मावशी, असे तिघं तिच्याकडे जाऊन आलो. शोधायला गेलं की रिसॉर्टची माहिती ढिगाने मिळते. भारतीय पासपोर्टवर, वयस्कर माणसाला सोबत घेऊन, कुणाच्या घरी राहायला जायचं तर काय काय करावं लागतं, हे मात्र सलग कुठे सापडलं नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी तारखा. नोव्हेंबर ते मे हा इथला कोरडा काळ. जून ते ऑक्टोबर पाऊस, घामाच्या धारा आणि चक्रीवादळांचा मोसम. २०१५ चं पॅट्रिशिया आणि २०२३ चं लिडिया ही दोन्ही मोठी वादळं ऑक्टोबरमध्येच या किनाऱ्यावर धडकली, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत जायचा बेत असेल तर तो ऑक्टोबरच्या बाहेर बसवा. दुसरी टाळण्याची वेळ ईस्टरची. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह आणि नंतरचा आठवडा मिळून अख्खा मेक्सिको समुद्रावर येतो, बसची तिकिटं मिळत नाहीत आणि घरातल्यांनाही श्वास घ्यायला वेळ नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत हवा आपल्याकडच्या अलिबागच्या डिसेंबरसारखी असते. दिवसा कोवळं ऊन, रात्री पातळ शाल. शिवाय उपसागरात व्हेल असतात, त्यांच्याबद्दल पुढे.

सप्टेंबरमध्ये व्हिसाचं काम काढलं. भारतीय नागरिकाला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कुणाचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर लागत नाही. या देशांत कायमचं वास्तव्य असलेल्यांनाही हीच सूट आहे. तो व्हिसा तुमच्या मुक्कामभर चालू असला पाहिजे. आम्हा दोघांकडे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा होता, त्यामुळे आमचं काम तिथेच संपलं. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे, आणि नव्या पासपोर्टवरचं नाव जुन्याशी अक्षरशः जुळतंय ना ते आधीच पाहायचं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी इथे एक खाचखळगा आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या मंजुरीचा कागद चालू आहे पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, अशा अवस्थेत बरेच जण असतात. तीस दिवसांच्या आतली मेक्सिकोवारी करून परत येताना अमेरिका अशा माणसाला त्याच संपलेल्या शिक्क्यावर, वैध आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) दाखवून, आत घेऊ शकते. पण मेक्सिकोत शिरण्यासाठी चालू शिक्काच लागतो, मंजुरीचा कागद चालत नाही. अशांनी तिकडच्या मेक्सिकन वाणिज्य दूतावासातून आधी व्हिसा घ्यायचा. ग्रीनकार्डवाल्यांना हा प्रश्न येत नाही. आणि आईवडील अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आलेले असतील, तर मध्येच त्यांना मेक्सिकोला फिरवून आणल्याने त्यांचे सहा महिने नव्याने सुरू होतील असं धरून चालू नका. कमी दिवसांच्या फेरीनंतर बहुधा उरलेलीच मुदत पुढे चालते.

मावशीकडे कुठलाच व्हिसा नव्हता. तिच्यासाठी मेक्सिकोच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावरून दिल्लीतल्या दूतावासाची वेळ घेतली. वेळ मिळायला महिन्याहून जास्त लागला, म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी हे काम सुरू करा. माणसाला प्रत्यक्ष जावं लागतं, बोटांचे ठसे आणि छोटी मुलाखत असते. अर्ज छापून, भरून, सही करून न्यायचा. फोटो आपल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोपेक्षा लहान लागतो: जास्तीत जास्त ३.९ × ३.१ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नाही. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत माप लिहूनच द्या, नाहीतर ३५ × ४५ मिलिमीटरचे नेहमीचे फोटो हातात पडतात.

कागदांत सगळ्यात वजन आर्थिक कुवतीला. मागच्या तीन महिन्यांचे बँकेचे उतारे, बँकेचा शिक्का आणि सही असलेले, त्यात पेन्शन जमा होताना दिसलं पाहिजे. किती शिल्लक लागते तो आकडा दूतावास वेळोवेळी बदलतो, त्यामुळे अर्ज करण्याच्या आठवड्यात त्यांच्या पानावर पुन्हा पाहायचा. लेकीचं पत्र जोडलं म्हणजे झालं, असा बऱ्याच घरांत समज असतो. पत्र जरूर जोडा, पण ते बँकेच्या उताऱ्याची जागा घेत नाही. ताईने पत्रासोबत आपल्या रहिवासी कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि घराचं वीजबिल पाठवलं होतं. वीजबिल हा तिथला पत्त्याचा सर्वमान्य पुरावा. दिल्लीतही ते उपयोगी पडलं आणि पुढे विमानतळावरही.

आपल्याकडच्या नावांचा घोळ मात्र आधी सोडवावा लागतो. लग्नानंतर ताईचं आडनाव बदललेलं, मधलं नाव वडिलांच्या जागी नवऱ्याचं. मावशीच्या पासपोर्टवर तिचं सासरचं नाव. दोन पासपोर्ट शेजारी ठेवले तर या मायलेकी आहेत हे परक्या अधिकाऱ्याला दिसणार कसं? ताईचा जन्मदाखला, ज्यावर आईचं नाव आहे, आणि ताईचा विवाहदाखला, हे दोन कागद एकत्र ठेवले की साखळी पूर्ण होते. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर महापालिकेकडून इंग्रजी मजकुराचा काढून घ्या. पुण्यात हे काम आठवडाभरात होतं, पण जुन्या गावच्या ग्रामपंचायतीतल्या नोंदीला वेळ लागतो. व्हिसा मंजूर झाल्यावर शुल्क भरायचं. आमच्या वेळी ते पन्नास-पंचावन्न डॉलरच्या घरात होतं. दिल्लीत एक रात्र जास्तीची धरून ठेवा, मावशीचा पासपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात मिळाला.

भारतातून मेक्सिकोला थेट विमान नाही. आम्ही मुंबई-इस्तंबूल-मेक्सिको सिटी असा मार्ग घेतला, कारण इस्तंबूलला विमानतळाच्या आतच विमान बदलायचं असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. युरोपातल्या काही विमानतळांवर नुसतं विमान बदलायलाही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा मागतात. अमेरिकेमार्गे गेलात तर तिथे पूर्ण इमिग्रेशन आणि सामान उचलणं आलंच, आणि मावशीसारख्या बिनव्हिसाच्या माणसाला ती वाट बंद. पनामा किंवा कोलंबियामार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा: हे देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत आणि लशीचा दाखला नसेल तर परतताना विलगीकरणाची पाळी येऊ शकते. मेक्सिको त्या यादीत नाही. आम्हाला माणशी सव्वा लाखाच्या आसपास खर्च आला, पुढचं मेक्सिको सिटी ते पुएर्तो वायार्ता हे देशांतर्गत तिकीट वेगळं.

ते देशांतर्गत तिकीट काढताना विमानतळाचं सांकेतिक नाव वाचा. मेक्सिको सिटीला दोन विमानतळ आहेत. एमईएक्स हा जुना, शहरातला. एनएलयू हा मार्च २०२२ मध्ये सुरू झालेला फेलिपे आंखेलेस, शहराच्या बऱ्याच उत्तरेला. स्वस्त तिकीट एनएलयूचं निघतं, आणि इस्तंबूलचं विमान तर एमईएक्सला उतरतं. दोन्हींमधलं अंतर रहदारीत दोन तास खाऊ शकतं. एमईएक्समध्येही पहिलं आणि दुसरं अशी दोन टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत. परदेशातून आलेलं सामान मेक्सिको सिटीतच उचलावं लागतं, कस्टम्समधून न्यावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं, मग बॅगेवरच्या चिठ्ठीवर काहीही छापलेलं असो. दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर मध्ये निदान पाच तास ठेवा. स्वस्त विमान कंपन्यांत केबिन बॅगेचं वजनही काटेकोर बघतात, तेव्हा परदेशी प्रवासात चाललेली तेवीस किलोची बॅग तिथे पैसे भरायला लावते. बॅगेचं शुल्क तिकिटाबरोबरच ऑनलाइन भरलं की कमी पडतं.

आता सामान, आणि ते मराठी घरातून निघतंय म्हणजे त्यात खाणं असणारच. इथे मी अगदी आग्रहाने सांगतो: तांदूळ, डाळी, कडधान्य, मेथीदाणे, तीळ, कुठलंही बी नेऊ नका. खापरा भुंगेरा ही साठवणीच्या धान्यातली कीड मूळची भारतीय उपखंडातली, आणि मेक्सिको तिला देशात येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहतो. विमानतळावर कृषी खात्याची कुत्री बॅगा हुंगत फिरतात. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही नको. घरी केलेलं, लेबल नसलेलं काही नको. कारखान्यात बंद केलेली, घटक छापलेली मसाल्यांची पाकिटं, हिंग, गोडा मसाला, चहा पावडर एवढं नेलं आणि कस्टम्सच्या अर्जावर खाद्यपदार्थ आहेत असं स्पष्ट लिहिलं. अधिकाऱ्याने पाकिटं उलटसुलट पाहिली आणि परत दिली. लिहिलेली वस्तू नाकारली तर ती काढून घेतात, एवढंच. न लिहिलेली सापडली तर दंडापर्यंत जातं.

औषधांचंही तसंच. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या मेक्सिकोत चालत नाहीत आणि विक्सचं इनहेलरही वर्ज्य आहे. आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात असतं ते, म्हणून मुद्दाम लिहितो. मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह, अशी हातातल्या बॅगेत ठेवली. ई-सिगारेट आणायला बंदी आहे.

ताईने मिक्सर मागितला होता. नेऊ नका. मेक्सिकोत वीज १२७ व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे रडत फिरतो, चटणी काही वाटत नाही. ट्रान्सफॉर्मरला मिक्सरपेक्षा जास्त वजन आणि पैसे. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर १००-२४० व्होल्टचे असतात, त्यांना फक्त दोन चपट्या पट्ट्यांची पिन लागते. कुकर मात्र चालतो, कारण स्वयंपाक गॅसवरच असतो. स्टीलचा कुकर, लाटणं आणि शिट्टीची जादा रिंग यांनी ताईचा चेहरा जितका फुलला तितका कुठल्याच पैठणीने फुलला नसता.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. लांबचा प्रवास, अपुरी झोप आणि ही उंची यामुळे मावशीला जरा धाप लागली, तेव्हा ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. तिचा दुसरा फायदा असा की इमिग्रेशनची रांग वेगळी लागते. अधिकारी विचारतो ते ठरलेलं: कुठे राहणार, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट. भारतीय पासपोर्टवाल्यांना कधी कधी बाजूच्या खोलीत बसवून जास्त चौकशी करतात. घाबरून जायचं नाही, कागद द्यायचे. परतीचं तिकीट, ताईचं पत्र, तिच्या कार्डाची प्रत, वीजबिल आणि प्रवास विमा, असा एकेक संच प्रत्येकाच्या हातात कागदावर छापून दिला होता. मोबाइलवर दाखवू म्हणाल तर त्या हॉलमध्ये फोन वापरू देत नाहीत.

विमानाने येणाऱ्यांना आता वेगळं प्रवेशपत्र भरावं लागत नाही, पासपोर्टवरच शिक्का मारतात आणि त्यात दिवसांचा आकडा हाताने लिहितात. १८० ही कमाल आहे, हक्क नाही. खिडकी सोडण्याआधी तो आकडा वाचा, कारण पर्यटकाला ही मुदत मेक्सिकोत बसून वाढवून मिळत नाही. लेकीकडे तीन-चार महिने राहायला जाणाऱ्या आईबाबांना हे फार महत्त्वाचं. मुदत किती दिवसांची हवी आणि कशासाठी, ते अधिकाऱ्याने लिहायच्या आत नम्रपणे सांगायचं.

पुएर्तो वायार्ताचा विमानतळ छोटा आणि सुटसुटीत. सामान घेऊन बाहेरच्या दाराकडे जाताना मात्र दोन्ही बाजूंना नीटनेटक्या कपड्यांतली माणसं उभी असतात आणि "टॅक्सी? कुठे उतरणार?" असं अधिकाराने विचारतात. ती टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरात वर्षातल्या ठरावीक दिवसांचा वाटा, विकणारी मंडळी. "नो, ग्रासियास" म्हणायचं आणि पाय न थांबवता सरळ बाहेर पडायचं. विमानतळाच्या आवारातली अधिकृत टॅक्सी बुसेरियासला पाचशे पेसोंच्या पुढे घेते. रस्त्यावरच्या पादचारी पुलाने पलीकडे गेलं तर उबर जवळजवळ निम्म्यात मिळते, आणि तिथूनच बुसेरियासची बसही तीस-चाळीस पेसोंत. पण मोठ्या बॅगा आणि ज्येष्ठ माणूस असेल तर पूल चढू नका. आम्हाला भावोजी न्यायला आले होते. अमेका नदी ओलांडली की हालिस्को राज्य संपून नायारित लागतं. नायारितच्या उरलेल्या भागाचं घड्याळ एक तास मागे आहे, बुसेरियास ज्यात येतं त्या बाहिया दे बांदेरास तालुक्याचं मात्र वायार्ताबरोबरच चालतं. २०२२ पासून मेक्सिकोच्या बहुतेक भागांत घड्याळं पुढेमागे करणं बंद झालंय, त्यामुळे भारताशी फरक बारमाही साडेअकरा तासांचा. सकाळी साडेआठला फोन लावला की पुण्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात.

घरात शिरल्यावर तीन गोष्टी पहिल्याच दिवशी समजून घ्याव्यात, म्हणजे यजमानांना सारखं सांगावं लागत नाही. नळाचं पाणी पीत नाहीत. पिण्याचं पाणी वीस लिटरच्या मोठ्या बाटलीतून येतं, तिला गाराफोन म्हणतात. रिकामी देऊन भरलेली घ्यायची, नामांकित कंपनीची पन्नास पेसोंच्या आसपास. गल्लीतल्या शुद्धीकरणाच्या दुकानात भरून घेतली तर निम्म्याहून कमी. पाच माणसांच्या घरात स्वयंपाकासकट ती दोन दिवस पुरते. दुसरं, संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या टोपलीत टाकायचा, कारण जुन्या घरांचे पाइप अरुंद असतात. तिसरं, गरम पाण्याचा बॉयलर गॅसवर असतो आणि गॅस संपला की गाडी येईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा अंघोळी आटोपशीर.

खाण्याबद्दल मी जरा रेंगाळणार आहे, कारण शाकाहारी माणसाची खरी परीक्षा इथे आहे. ताटात मांस दिसत नाही म्हणजे ते शाकाहारी, असं मेक्सिकोत नसतं. परतून घोटलेल्या फ्रिहोलेसमध्ये, म्हणजे राजम्याच्या घट्ट भाजीत, बऱ्याचदा मांतेका असते, ती डुकराची चरबी. भात अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. तामाल मक्याच्या पिठाचे असतात, पण पीठ मांतेकाने फेसलेलं असतं, मग आत मिरची आणि चीज असलं तरी. "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही, कारण हॅमला काही जण मांस धरतच नाहीत. "सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो, सिन हामोन" असं पूर्ण म्हणायचं: चरबी नको, कोंबडीचं पाणी नको, हॅम नको. मावशीला हे वाक्य एका कार्डावर देवनागरीत लिहून दिलं होतं आणि ती ते ठसक्यात वाचून दाखवायची. मक्याची तोर्तिया, म्हणजे तिथली पोळी, निर्धोक, कारण त्यात मका, चुना आणि पाणी यांशिवाय काही नसतं. मैद्याच्या तोर्तियात पारंपरिकपणे चरबी घालतात.

तोर्तियेरिया म्हणजे तोर्तिया करून विकणारं दुकान, प्रत्येक वस्तीत एक तरी असतंच. किलोवर मिळतात, पंचवीस पेसोंच्या आसपास किलो, कागदात गुंडाळून गरम. घरून स्वच्छ फडकं न्यायचं. दुपारी एक ते दोन रांग असते. मावशीने दुसऱ्याच दिवशी हे काम स्वतःकडे घेतलं.

मसाले सोडले तर आपलं बरंचसं सामान तिथे आहेच. पिलोंसियो नावाची शंकूच्या आकाराची गुळाची ढेप, पांढरे तीळ, शेंगदाणे, चिंच, कोथिंबीर, खोबरं, दालचिनी, जिरं, मसूर आणि छोले. तूरडाळ आणि कढीपत्ता नाही. पिलोंसियोत तीळ घालून लाडू अगदी व्यवस्थित होतात, पाक मात्र आपल्या चिक्कीच्या गुळापेक्षा लवकर कडक होतो, म्हणून आच मंद ठेवा. शेंगदाण्याची चिक्की पालांकेता नावाने रस्त्यावरच मिळते. दह्यासाठी "नातुराल, सिन असुकार" लिहिलेलं पाहायचं, नाहीतर साखर घातलेलं येतं. चिकू, पपई, पेरू ही फळं मूळ याच प्रदेशातली. चिकूला तिथे चिकोसापोते म्हणतात, घोलवडचा चिकू खाल्लेल्याला चव ओळखीची लागते. आंबे नायारितचेही नावाजलेले, पण हंगाम मे ते जुलै, आमच्या वेळी नव्हते.

मासे खाणाऱ्यांची चंगळ. शेजारच्या ला क्रूस दे वानाकाश्तले गावात बंदरालाच लागून मासळीबाजार आहे, सकाळी लवकर जायचं. सिएरा हा मासा आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ. त्याचा किसून, लिंबात मुरवून, गाजर घालून सेविचे करतात. ताई त्याच्याच तुकड्यांना हळद-तिखट-मीठ लावून रव्यात तळते, तेही झकास. नायारितची खरी खासियत पेस्कादो सारांदेआदो: अख्खा मासा पोटाकडून उघडून, मिरचीचं वाटण लावून, निखाऱ्यावर लोखंडी जाळीत भाजलेला. तो वजनावर विकतात, म्हणून सांगण्याआधी मासा आणि किंमत दोन्ही पाहून घ्यायची.

पेसो तेव्हा साधारण सव्वाचार रुपयांना पडत होता. आपल्याकडे कार्डावर परदेशी व्यवहार आपोआप सुरू नसतात, निघण्याआधी ॲपमधून चालू करावे लागतात. एटीएम बँकेच्या आवारातलं वापरावं, पर्यटकांच्या रस्त्यावरची एकाकी यंत्रं जास्त शुल्क घेतात. यंत्र "आमच्या दराने रूपांतर करू का" असं विचारतं, तिथे नाही म्हणायचं. तरीही पैसे मिळतात आणि दर आपल्या बँकेचा लागतो, जो बहुतेक वेळा बरा असतो. बाजारात, बसमध्ये, तोर्तियेरियात रोखच चालते आणि पाचशेची नोट मोडायला कुणी राजी नसतं, म्हणून ओक्सो दुकानात काही घेऊन सुट्टे करून ठेवा. हॉटेलात बक्षिशी दहा ते पंधरा टक्के. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर पिशव्या भरून देणाऱ्या ज्येष्ठांना बहुतेक ठिकाणी पगार नसतो, त्यांना पाच-दहा पेसो हातावर ठेवायचेच. हॉटेलात बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण जेवलेल्याला उठवणं तिथे अशिष्ट समजतात. "ला क्वेंता, पोर फावोर" म्हटलं की येतं.

समुद्राचं म्हणाल तर बुसेरियासचा किनारा लांब आणि बराच उथळ आहे. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट मासे असतात, तेव्हा पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे ते आधीच सरकतात. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. हिरवा झेंडा असेल तर पोहायचं, पिवळ्याला जपून, लाल असेल तर पाण्यात शिरायचंच नाही. संध्याकाळी वाळूत बारीक केमरं चावतात, पायाला मलम लावूनच बसा. मेक्सिकोतले सगळे समुद्रकिनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, कुठल्याही हॉटेलसमोर चटई पसरता येते. त्यांच्या खुर्च्या हव्या असतील तर मात्र किमान किती पेसोंचं खायला मागवावं लागेल ते आधी विचारा.

व्हेल पाहायला ८ डिसेंबर ते २३ मार्च हा अधिकृत हंगाम आहे. या काळात कुबड व्हेल पिल्लांना जन्म द्यायला या उपसागरात येतात. नाव परवानाधारक असेल तर तिच्यावर परवान्याचं निशाण लावलेलं असतं, ते पाहूनच बसा. माणशी हजार ते दीड हजार पेसो, सकाळची फेरी, कारण दुपारनंतर वारा वाढतो. मावशीसाठी लहान उघड्या होडीऐवजी शौचालय असलेली मोठी होडी घेतली. जिना चढउतार कमी, सावली भरपूर. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्या, होडीत घेऊन उपयोग नाही. कासवांचा हंगाम वेगळा, पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत. ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर येतात त्याच जातीची.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ घरातच काढला, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवीन. आठवड्यातून दोन बाहेरचे बेत पुष्कळ झाले. एक दिवस वायार्ताचा मालेकोन, म्हणजे समुद्राकाठचा पायी रस्ता, आणि ग्वादालुपे मातेचं मुकुट असलेलं चर्च. एक रविवार ला क्रूसच्या बंदरावरचा बाजार, तो नोव्हेंबर ते एप्रिलच भरतो. २ फेब्रुवारीला कांदेलारियाचा सण असतो. सहा जानेवारीच्या गोल पावातली छोटी बाळमूर्ती ज्याच्या तुकड्यात निघते, त्याने त्या दिवशी सगळ्यांना तामाल खिलवायचे. ती पाळी शेजारच्या आजींवर आली होती. त्यांनी मावशीसाठी चरबीऐवजी तेल घालून वेगळे चार तामाल केले. पुढचे काही दिवस त्या दोघी एकमेकींना कळत नसलेल्या भाषांत अंगणात तासन्‌तास बोलत बसायच्या. दुकानात किंवा बसमध्ये शिरताना "बुएनोस दीआस" आणि जेवत असलेल्यांच्या टेबलाजवळून जाताना "प्रोवेचो" म्हणायचं, एवढे दोन रिवाज पाळले की माणसं लगेच मोकळी होतात.

मावशीला एकदा ताप आला. औषधाच्या अनेक दुकानांना लागूनच डॉक्टरांची खोली असते, वेळ घ्यावी लागत नाही, तपासणी शंभर पेसोंच्या आत. साध्या दुखण्याला ते पुरतं. भागात डेंग्यू असतो, म्हणून ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर रक्ततपासणीच करायची, आणि तोवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलच द्यायचं. विमा घेताना रक्तदाब-मधुमेह लपवू नका, दावा त्यावरच अडतो.

परतीला इस्तंबूलचं विमान थेट जात नाही, आधी कॅनकूनला उतरतं. मेक्सिको सिटीच्या उंचीवरच्या विरळ हवेत पूर्ण इंधन आणि पूर्ण भार घेऊन उडणं जड जातं, म्हणून समुद्रसपाटीवरच्या कॅनकूनला इंधन भरून मग अटलांटिक ओलांडतात. त्यामुळे येण्यापेक्षा परतीचा प्रवास लांबतो, आणि मुंबईत उतरायची वेळ तिकिटावर नीट पाहून मगच पुण्याची गाडी ठरवायची. वायार्ताहून मेक्सिको सिटीला शक्यतो आदल्या दिवशी संध्याकाळी या आणि विमानतळाजवळ रात्र काढा. विमान चुकलं तर दोन वेगळ्या तिकिटांची जबाबदारी कुणीच घेत नाही. मावशीच्या शिक्क्यावर १८० दिवस होते, ती मागे राहिली आणि एप्रिलमध्ये भावोजींच्या भारतभेटीबरोबर परतली. तिचं परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं काढलं होतं, त्याचे जास्तीचे आठ हजार आधीच देऊन टाकलेले बरे पडले.